घाटावरची आणि घाटाखालची बोलेरो

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला गाव विचारलं की तालुक्याच्या आधी उत्तर येतं, "आम्ही घाटावरचे" नाहीतर "घाटाखालचे". अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याच्या अशा दोन वाटण्या केल्या आहेत. वर बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार, मेहकर. खाली मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, आणि पूर्णा ओलांडली की सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद, संग्रामपूर. वरची बोली मराठवाड्याकडे झुकते, खालची अस्सल वऱ्हाडी. सोयरिकी मात्र दोन्हीकडे, शेगावचा गुरुवार दोघांचा, आणि दवाखान्यासाठी कोणी अकोल्याला पळतं, कोणी छत्रपती संभाजीनगरला. म्हणजे इथल्या घरच्या गाडीला घाट चढावा लागतो, काळ्या मातीची पांदण तुडवावी लागते, आणि अलीकडे काँक्रीटच्या महामार्गावरही धावावं लागतं. ही तिन्ही कामं सारखी नीट करणारी गाडी दहा लाखांच्या आत मिळत नाही. त्यातल्या त्यात जमवून घेणारी म्हणून एमएच-२८ पाटीची पांढरी बोलेरो गावोगाव दिसते.

बोलेरोचं कुळ जीपचं. महिंद्राने विलिस जीप भारतात जोडायला सुरुवात केली ती १९४७ साली. पुढे कमांडर आली, आर्मडा आली. विदर्भ-मराठवाड्यात ज्या काळ्यापिवळ्यांनी अर्धं आयुष्य लोकांना टपावर बसवून नेलं, त्यातल्या कितीतरी याच घराण्यातल्या. आर्मडाच्याच सांगाड्यावर २००० साली बोलेरो उभी राहिली, नाशिकच्या कारखान्यात. खाली शिडीसारखी लोखंडी चासी, तिच्यावर वेगळी बसवलेली बॉडी, मागे कमानीचे पाटे, ताकद मागच्या चाकांना. त्या वेळी शहरातल्या समीक्षकांनी तिला खटारा ठरवून टाकलं. पण शहरातल्या समीक्षकाला बियाण्याच्या पिशव्या आणि आजारी आजी एकाच फेरीत न्यायची नसते.

ती आखूड कशी झाली, ही गोष्ट मात्र दिल्लीची आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या ठरली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजीन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. या चौकटीत बसणाऱ्या गाडीला कर कमी. जुनी बोलेरो ४१०७ मिलिमीटर लांब आणि अडीच लिटर इंजिनाची, म्हणजे दोन्ही बाजूंनी चौकटीबाहेर. २०१६ मध्ये कंपनीने पॉवर प्लस नावाने जी बोलेरो आणली तिची लांबी ३९९५ मिलिमीटर भरली. पुढचा बंपर आणि तोंड जरा आत घेतलं, इंजीन तीन सिलिंडरचं १४९३ सीसीचं टाकलं, दोन चाकांमधलं अंतर होतं तेच, २६८० मिलिमीटर ठेवलं. अकरा-बारा सेंटिमीटरच्या कात्रीने लाखाचा हिशोब बदलला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले तेव्हा हीच कात्री पुन्हा कामी आली. आधी अशा डिझेल गाडीवर २८ टक्के कर आणि ३ टक्के उपकर होता, तो १८ टक्क्यांवर उतरला. चौकटीबाहेरच्या मोठ्या गाड्या ४० टक्क्यांत गेल्या. घटस्थापना नेमकी त्याच दिवशी होती. राज्याचा एकरकमी वाहन कर वेगळाच, दहा लाखांच्या आतल्या डिझेल गाडीला तो १३ टक्के. गावात कोणी शोरूमची किंमत सांगितली की जाणता माणूस लगेच विचारतो, "पासिंग धरून किती?"

इथे गाडी घेण्याचा मोसम पगारावर ठरत नाही, सोयाबीनवर ठरतो. भाव बरा असला तर दसरा-दिवाळीला, नाहीतर तूर आणि कापूस विकून गुढीपाडव्याला. भाव पडलेला असला तर माल गोदामात ठेवून त्याच्या पावतीवर कर्ज काढायची सोय या जिल्ह्याला चांगली ठाऊक आहे. १९८६ साली सुरू झालेली बुलढाणा अर्बन ही पतसंस्था अशा गोदामांमुळेच दूरवर ओळखली जाते. हप्ता सहामाही असावा अशी शेतकऱ्याची मागणी असते, कारण त्याच्या घरात पैसा दरमहा येतच नाही. गाडी विकणाऱ्याला हे समजलं तर निम्मा सौदा तिथेच होतो.

आता घाट. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटरवर. मलकापूरकडे जाताना राजूर घाट लागतो, खामगावकडे जाताना ज्ञानगंगा अभयारण्यातून बोथ्याचा घाट. (टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला तो प्रसिद्ध वाघ २०१९ च्या अखेरीस याच ज्ञानगंगेत मुक्कामाला होता. त्यानंतर या रस्त्यावर रात्री उगाच हॉर्न वाजवणारे जरा कमी झाले असावेत, असा माझा अंदाज.) घाट चढण्याची चिंता बोलेरोला फारशी नसते. तिची ताकद कमी फेऱ्यांवरच मिळते, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ती सात माणसं घेऊन रेटत जाते. कस लागतो उतरताना. जुन्या ड्रायव्हरांची एक सवय अजून मोडलेली नाही: घाटमाथा आला की गाडी न्यूट्रल, डिझेल वाचतं म्हणून. जुन्या पंपाच्या इंजिनातही ते धोक्याचं होतं, आताच्या कॉमन रेल इंजिनात तर तो उलटा धंदा आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की संगणक इंजिनाचं डिझेल बंद करतो, चाकंच इंजीन फिरवत राहतात आणि गाडी आपोआप अडते. न्यूट्रल केली की इंजीन चालू ठेवायला डिझेल लागतं, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. चावीच बंद केली तर ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम संपतो, स्टीअरिंगही जड होतं. मोताळ्याच्या बाजूला भेटलेल्या एका मिस्त्रीने हे सगळं एका वाक्यात आटोपलं: "ज्या गिअरवर चढली, त्याच गिअरवर उतरव, बिरेकवर पाय ठिऊन उतरशीन त खाली जाईलोक जळका वास येईन."

घाटाखाली पाऊस पडला की प्रश्न बदलतो. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती भिजली की फुगते आणि चाकाला अशी धरते की टायरची नक्षी दिसेनाशी होते. नक्षी भरली की चाक गुळगुळीत, मग कितीही रेटा. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बोलेरो उंच आहे, दणकट आहे, दिसायला जीप आहे, पण तिची चारही चाकं ओढत नाहीत, फक्त मागची दोन. गाडी रिकामी असली तर मागचा भाग हलका पडतो आणि पांदणीत ती जागच्या जागी फिरते. म्हणून पावसाळ्यात शेताकडे निघताना मागे दोन पोती टाकण्याची रीत आहे, आणि ती अगदी शास्त्रशुद्ध आहे. २०२१ साली टीयूव्ही ३०० चं रूप पालटून बोलेरो निओ आली. तिच्या वरच्या प्रकारात मागच्या दोन चाकांपैकी एक घसरू लागलं की दोन्ही चाकं एकत्र जखडणारा डिफरन्शियल मिळतो. चिखलात तो खरा उपयोगाचा. पण तीही चार चाकांनी ओढणारी नव्हे.

चिखलापेक्षा पाणी वाईट. २०२३ च्या जुलैत संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत नदीनाले गावात शिरले, तेव्हा दारात उभ्या असलेल्या गाड्यांतही पाणी गेलं. अशा वेळी गाडीचं खरं नुकसान पुरामुळे होतं त्याहून जास्त नंतरच्या घाईमुळे होतं. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असताना स्टार्टर मारला तर पिस्टन पाण्यावर आदळतो. पाणी दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची तार काढायची, गाडी ओढून न्यायची, पाणी पूर्ण काढल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही. आणि हे इंजिनाचं नुकसान साध्या विमा पॉलिसीत बहुधा बसत नाही, त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. दरवर्षी विम्याच्या हप्त्यातून चारपाचशे-हजार रुपये वाचवायला लोक हेच कलम आधी उडवतात.

देखभालीचं पुस्तक कंपनी देते. दहा हजार किलोमीटर किंवा वर्ष, ऑइल, फिल्टर, तपासणी, हे त्यात असतंच. जे नसतं ते इथल्या मोसमाचं. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, मळणी यंत्रं सुरू होतात आणि हवेत बारीक भुसा उडत राहतो. तो एअर फिल्टरमध्ये बसतो हे सगळ्यांना माहीत असतं. रेडिएटरच्या जाळीत बसतो हे गाडी तापल्यावर कळतं. बॉनेट उघडून टॉर्च धरली तर जाळीच्या बारीक पात्यांमध्ये पिवळसर थर दिसतो, कधी त्यात किड्यांचे पंख, कापसाचा धागा. त्यावर बाहेरून जोराचा फवारा मारला की भुसा आणखी आत जातो आणि पाती दुमडतात. पंख्याच्या बाजूने, आतून बाहेर, हलक्या धारेने धुवावं लागतं, तेही इंजीन गार झाल्यावर. दुसरी गोष्ट डिझेल फिल्टरची. त्याच्या तळाशी पाणी साचतं, ते सोडायला स्क्रू असतो. ड्रममध्ये भरून ठेवलेलं डिझेल गाडीत ओतणाऱ्यांनी तो स्क्रू कुठे आहे हे पाहून ठेवावं, कारण इंजेक्टर बदलायची वेळ आली तर सोयाबीनचा भाव आठवतो. तिसरे उंदीर. थंडीत गोठ्याशेजारी गाडी लावली की बॉनेटखाली ऊब मिळते आणि वायरिंग कुरतडलं जातं. तंबाखूच्या पुड्या, डांबरगोळ्या, सगळे उपाय चालतात. त्यातला हमखास एकच: गाडी रोज हलवा.

पाट्यांची कमान या गाडीचं भूषणही आणि दुखणंही. भार पेलते, तुटली तर एक पाटा बदलून तालुक्याच्या गावात संध्याकाळपर्यंत गाडी उभी राहते. पण रिकाम्या गाडीत मागच्या आडव्या सीटवर बसलेल्याची हाडं मोकळी होतात. करकर आवाज यायला लागला की बुश गेले, पाट्यांमध्ये माती शिरली, एवढं इथलं पोरगंही सांगतं. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस वेळच्या वेळी ग्रीस केला नाही तर गाडी उचलताना 'टक्' असा आवाज येतो, त्याकडे दुर्लक्ष करू नये. बोलेरोचा खरा ठेवा हा आहे: याच घराण्याची पिकअप गावागावांत भाजी आणि धान्य वाहते, त्यामुळे हा सांगाडा हाताखालून गेलेला मिस्त्री चिखलीत आहे, मेहकरात आहे, खामगावात तर आहेच.

पण २०२० नंतर या मिस्त्रीचं राज्य निम्मंच उरलं. बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर आला. काजळी साठली की इंजीन तो फिल्टर तापवून ती जाळून टाकतं, पण त्यासाठी गाडी काही वेळ एका लयीत, बऱ्या वेगाने चालावी लागते. घर ते शेत, शेत ते सोसायटी, एवढंच फिरणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाही. डॅशबोर्डवर दिवा लागतो, माणूस ऑइल बदलून येतो, दिवा तसाच. वास्तविक मलकापूर-नांदुरा-खामगाव असा राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून सरळ फेरफटका मारला तर पुष्कळदा काम होतं. शेगावच्या वारीचा हा एक यांत्रिक फायदाही आहे. जे फिरून भागत नाही त्याला स्कॅनर लागतो. काही गॅरेजांत आता मिस्त्रीचा मुलगा मोबाइलला जोडलेला स्कॅनर घेऊन बसतो. बाप आवाज ऐकतो, मुलगा कोड वाचतो. दोघांचं एकमत झालं तर गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात.

राहिला समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, आणि मेहकर, सिंदखेड राजा हे तालुके एकदम नागपूरच्या जवळ आले. याच रस्त्यावर १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. त्यानंतर टायर तपासण्या, चालकांना थांबवून बोलणं, हे सुरू झालं. मोटारीला इथे १२० ची मुभा आहे. बोलेरोने ती वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उंच, चौकोनी अंग, मागे पाटे, वारा आडवा आला की ती लेन सोडायला बघते. ऐंशी-नव्वदला ती शांत असते. शिवाय एप्रिल २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपने जाहीर केलेल्या चाचणीत बोलेरो निओला एकच तारा मिळाला, मोठ्यांसाठीही आणि मुलांसाठीही. जाड पत्रा म्हणजे सुरक्षित गाडी, हा आपल्याकडचा समज तिथे उघडा पडला. धडकेत पत्र्याची जाडी कामाची नसते, धक्का कुठे जिरतो ते महत्त्वाचं असतं. लेकराबाळांना घेऊन वरचेवर नागपूर-मुंबई करणाऱ्या कुटुंबाने चार मीटरच्या आतल्याच, पण जास्त तारे मिळालेल्या दुसऱ्या गाड्या बघाव्यात. पांदण त्यांच्याने होणार नाही, ते मग मान्य करावं.

समृद्धीवर चढण्याआधी टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. २३१९ लिहिलं असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातलं. नक्षी कितीही शिल्लक असली तरी गावात उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर कडक होतं, आणि तापलेल्या काँक्रीटवर तासभर एकाच वेगाने पळताना तेच फुटतं. स्टेपनी मागच्या दाराला बाहेर टांगलेली असल्याने तिला तर बाराही महिने ऊन. ती मोजताना लोक विसरतात.

नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर आरटीओकडून पुन्हा तपासणी, पाच वर्षांची मुदतवाढ, पर्यावरण कर. एवढं करूनही बोलेरोला गिऱ्हाईक मिळतं. जुनी गाडी बघायला आलेला माणूस आधी बॉनेट उघडत नाही. पोतं अंथरतो, गाडीखाली शिरतो, चासीचा नंबर पुसून कागदाशी ताडतो, पाट्यांच्या शॅकलला हात लावतो, गंज कुठवर चढलाय ते पान्याने ठोकून बघतो. मग बाहेर येऊन हात झटकत भाव पाडायला सुरुवात करतो.