शाळेच्या दाराशी उभा मुलगा

जून १८५६. धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. नकार मिळाला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. एकासाठी शाळाच निरुपयोगी होईल, असे म्हणत सरकारनेही हात झटकले. १८५८ मध्ये मात्र ठरले : पूर्णपणे सरकारी खर्चाच्या शाळा सर्वांना खुल्या.

अमेरिकेत १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाला मिसिसिपी विद्यापीठात शिकण्यासाठी लष्कराचा बंदोबस्त लागला.

दार सरकार उघडते. बाकावर शेजारी जागा मात्र आपली मुलेच देतात. आम्ही मारेगावकर मुलांना गुण विचारतो. आज डबा कुणाबरोबर खाल्ला, हेही विचारू या. इल्म सर्वांचा आहे, हे ते घरातूनच शिकतील.