केरिस : पात्यात वसलेला वारसा

जावा बेटावरच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या खंजिराला ‘केरिस’ म्हणतात. वारशाने आलेली अशी पूज्य वस्तू म्हणजे ‘पुसाका’. ती केवळ शस्त्र नसते. तिच्यात पूर्वजांचे बळ आणि आशीर्वाद वसतो, अशी श्रद्धा आहे.

केरिस घडवणारा लोहार म्हणजे ‘एम्पू’. परंपरेनुसार तो उपवास आणि ध्यान करून कामाला बसतो. लोखंडात निकेलयुक्त धातूचे थर ठोकून पात्यावर ‘पामोर’ ही नक्षी उमटवतात. प्रत्येक नक्षीला समृद्धी, संरक्षण असा अर्थ दिला जातो. पात्याची वळणे नेहमी विषम संख्येत असतात. सरळ पाते स्थिर, ध्यानस्थ नागाचे, तर नागमोडी पाते चालत्या नागाचे प्रतीक मानतात.

पाते आणि म्यान यांच्या मिलनात जावानी माणूस भक्त आणि ईश्वराचे ऐक्य पाहतो. जावानी वर्षाच्या पहिल्या, ‘सुरो’ महिन्यात लिंबाच्या रसाने पाती विधिपूर्वक स्वच्छ करतात.

युनेस्कोने 2005 मध्ये इंडोनेशियाच्या केरिसला मानवतेच्या अमूर्त वारशाचा मान दिला.