दाखला नसलेल्यांची शाळा

संग्रामपूर तालुक्यातल्या सोनाळ्याचं पोरगं शेगावच्या शाळेत घालायचं म्हटलं, तर हेडमास्तर पहिला प्रश्न काय विचारतात? ‘दाखला आणला का?’ तिथे काय किंवा आणखी कुठे काय, शाळेत आधी हा कागद मागतात. कागदावर मागच्या शाळेची सही, त्या शाळेमागे शिक्षण खातं, खात्यामागे सरकार. आता समजा, शाळा गेली, खातं गेलं, सरकार परागंदा झालं आणि मुलं तेवढी उरली. त्यांना बसवायचं कितवीत?

हा कोड्यातला प्रश्न नाही. १९४३ साली कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात तो खरोखर येऊन ठेपला. मुलं होती पोलंडची!

पोलंड ते पंचगंगा हा रस्ताच अजब आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनीनं आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियानं पोलंड वाटून घेतला. फेब्रुवारी १९४० पासून पूर्वेकडची लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सैबेरियात, कझाकस्तानात नेली गेली. मग जून १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, रशियाला दोस्तांची गरज पडली आणि या माणसांना सोडण्याचं ठरलं. १९४२ मध्ये लाखाहून जास्त पोलिश सैनिक आणि नागरिक इराणात पोचले, बहुतेक कॅस्पियन समुद्र ओलांडून. पुरुष सैन्यात गेले. बायका-मुलं आफ्रिकेत, मेक्सिकोत, न्यूझीलंडमध्ये विखुरली. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला ज्या मुलांना आसरा दिला, ती याच लोंढ्यातली. आणि कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याला, बराकींचं एक गावच वसलं. वस्ती सुमारे पाच हजार.

संस्थानाच्या गादीवर तेव्हा कोण होतं? वयाची दोन वर्षंही न भरलेला राजा! कारभार अर्थातच दुसरे पाहत होते. पण याच संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं, हे विसरू नका. पाहुणे योग्य गावी उतरले, असं मला तरी वाटतं.

छावणीत शाळा किती असाव्यात? बालवाडी होती, प्राथमिक शाळा होत्या, माध्यमिक शाळा होती. अध्यापनाचं शिक्षण देणारा वर्गसुद्धा होता. तो कशाला? उत्तर सोपं आहे. मास्तर लोक युद्धावर. शिकवायला कोणीतरी हवं, म्हणून शिकवणाऱ्याही इथेच तयार करायच्या.

आता अडचण बघा. एखाद्या मुलाची दोन-अडीच वर्षं बुडालेली. एखादी मुलगी रशियन शाळेत जाऊन वेगळीच लिपी गिरवून आलेली. वय तेराचं आणि अभ्यास तिसरीचा! अशा मुलांना वयाच्या नव्हे, अभ्यासाच्या बेतानं बसवायचं आणि बुडालेलं भराभर भरून काढायचं. अभ्यासक्रम मात्र युद्धापूर्वीच्या पोलंडचा. बाहेर कोल्हापुरी पाऊस कोसळतोय आणि वर्गात पोलंडच्या नद्या-डोंगरांचा भूगोल. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. इथे पाठीवर अख्खं शिक्षण खातं होतं.

आणि पुस्तकं? हे मला सगळ्यात थक्क करतं. मध्यपूर्वेतल्या पोलिश सैन्यानं जेरुसलेममध्ये पोलिश पाठ्यपुस्तकं छापून घेतली. लढाईला निघालेलं सैन्य क्रमिक पुस्तकं छापतं! दारूगोळ्याची यादी करणाऱ्या माणसांना व्याकरणाची पुस्तकंही लागतील, हे सुचलं कसं?

सुचलं, कारण त्यांना सवय होती. १७९५ ते १९१८ अशी तब्बल १२३ वर्षं पोलंड नकाशावर नव्हताच. तीन साम्राज्यांनी तो वाटून घेतला होता. रशियन अमलाखालच्या वॉर्सात तेव्हा एक चोरटं विद्यापीठ चालायचं. पकडले जाऊ नये म्हणून वर्ग या घरातून त्या घरात हलायचे, म्हणून त्याचं नाव पडलं ‘उडतं विद्यापीठ’. मारी स्क्लोदोव्स्का नावाची एक मुलगी तिथे शिकली. पुढे जग तिला मादाम क्युरी म्हणू लागलं. वळिवड्यात वर्ग भरत होते, त्याच काळात नाझींच्या ताब्यातल्या पोलंडमध्येही माणसं जीव धोक्यात घालून घराघरांत चोरून शिकवत होती. शाळा लपवायची कशी, हलवायची कशी, ही विद्या या लोकांच्या अंगी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली.

खरी कसोटी पुढेच होती. छावणीचा खर्च लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार करत होतं. जुलै १९४५ मध्ये ब्रिटननं त्याची मान्यता काढून वॉर्सातल्या नव्या सरकारला दिली. म्हणजे ज्या सरकारनं या शाळा चालवल्या, ते एका रात्रीत कागदोपत्री सरकारच राहिलं नाही! दुसऱ्या दिवशी वर्ग भरवायचा की नाही? भरवला. खर्चाचा भार संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेनं उचलला आणि छावणी १९४८ पर्यंत चालली. मग मुलं पुन्हा पांगली, बरीचशी इंग्लंडला. रिकाम्या बराकींत फाळणीनं उखडलेली सिंधी कुटुंबं आली. आज तिथलं गांधीनगर कापडाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे.

पांगलेल्या मुलांनी लंडनमध्ये आपली संघटना काढली. ‘भारतातले पोलिश, १९४२ ते १९४८’ असं तिचं नावच. २००० साली तिनं या दिवसांवर जाडजूड पुस्तक काढलं: कागदपत्रं आणि त्यांच्या स्वतःच्या आठवणी. भाषा पोलिश. लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांचं पोलिश शुद्धलेखन घोटवून घेतलं गेलं होतं ते पंचगंगेकाठी.