अपडेटच्या मिषाने येणारी ई-मेले

तुरीचे पोते आले म्हणजे तोंडावरचे दाणे पाहून भाव बोलावयाचा नसतो. पोकळ सळई खुपसून मध्यावरचा दाणा तळहातावर घ्यावयाचा, हे आमच्या वडिलांनी आम्हांस लहानपणीच शिकविले. ई-मेलसही हाच न्याय लावावा लागतो, हे मात्र ठेच लागल्यावरच उमगले.

गेल्या दिवाळीपूर्वी आमच्या पेढीवर एक ई-मेल आले. हिशेबाचे सॉफ्टवेअर जुने झाले असून सायंकाळपर्यंत सोबतचे अपडेट न बसविल्यास काम बंद पडेल, असा मजकूर होता. दिवाणजींनी बिचाऱ्यांनी सद्धेतूनेच फाइल उघडली. अर्ध्या तासात खतावणीच्या सर्व फाइलींना कुलूप लागले व ते काढण्यासाठी पैशाची मागणी पडद्यावर झळकली. आम्ही पैसे दिले नाहीत. वेगळ्या डिस्कवर एक नक्कल होती, परंतु ती नऊ दिवसांपूर्वीची. ऐन हंगामातले ते नऊ दिवस तोलाईच्या चिठ्ठ्या व समोरच्या पेढ्यांची दप्तरे जुळवून पुन्हा उभे करण्यास तीन आठवडे लागले. तीस वर्षांच्या संबंधातील एका पेढीशी एका रकमेविषयी अद्याप एकमत झालेले नाही. पैशापेक्षा हेच आम्हांस अधिक लागले.

ही युक्ती नवी नव्हे. सप्टेंबर २००३ मध्ये 'स्वेन' नावाचा विषाणू मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा अपडेटचे सोंग घेऊन जगभर पसरला. त्याचे ई-मेल हुबेहूब त्या कंपनीच्या पानासारखे दिसे. फाइल उघडली की 'अपडेट बसवू काय?' असा प्रश्न येई, आणि 'नाही' म्हटले तरी विषाणू आत शिरे! नोव्हेंबर २०१९ मध्ये विंडोजच्या अपडेटच्या नावाने अशीच ई-मेले आली. सोबतच्या फाइलीच्या नावाचा शेवट छायाचित्राचा, म्हणजे 'डॉट जेपीजी' असा होता. वस्तुतः आत चालणारा प्रोग्राम होता, व त्याचा शेवट फाइलींना कुलूप लावण्यात होई.

खरे-खोटे ओळखावे कसे? मुख्य गोष्ट ही, की मायक्रोसॉफ्ट आपली अपडेटे ई-मेलला जोडून पाठवीत नाही. विंडोजचे अपडेट त्याच्या सेटिंग्जमधूनच येते. इतर सॉफ्टवेअरचे त्या सॉफ्टवेअरमधून किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून स्वतः जाऊन घ्यावे. पाठविणाऱ्याचे नाव कोणासही काहीही लिहिता येते, पत्ताही बनावट करता येतो; तेव्हा पत्ता बरोबर दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये. दुवा असल्यास तो न दाबता त्यावर माऊसचा बाण ठेवावा. खरा पत्ता दिसतो. तो उजवीकडून वाचावा. 'मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम' ही अक्षरे मध्ये येऊन पुढे आणखी एखादे नाव व 'डॉट कॉम' असेल, तर मालक तो शेवटचा. फाइलीचे नावही शेवटपर्यंत पाहावे. विंडोज पुष्कळदा शेवटची अक्षरे लपविते, त्यामुळे 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' हे नुसते 'बिल डॉट पीडीएफ' असे दिसते. ही अक्षरे दाखविण्याची सोय चालू करून घ्यावी. आणि 'आजच, आत्ताच' अशी घाई असल्यास अधिकच थांबावे. घाई करणारा दलाल आपण ओळखतोच.

आमची हकीकत ऐकून एका व्यापारीबंधूंनी अपडेटच बंद करून टाकले. हे सर्वथा चुकीचे होय. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने ज्या संगणकांचा घात केला, त्यांवरील छिद्र बुजविणारे अपडेट मार्चमध्येच निघाले होते. ज्यांनी ते घेतले नाही ते सापडले.

चुकून फाइल उघडलीच, तर संगणकाचे इंटरनेट व पेढीतील इतर संगणकांशी असलेला संबंध प्रथम तोडावा. बँकेचे पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदलावे, बँकेस कळवावे. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. हिशेबाची नक्कल आम्ही आता रोज रात्री घेतो, आणि ती डिस्क संगणकापासून काढून तिजोरीत ठेवतो.