दीड खणाची गाडी

घर बांधतांना खण किती धरावे, हा प्रश्न आमच्या वाडवडिलांस जसा पडे, तसाच तो अमेरिकेंतील मालमोटारी बांधणाऱ्यांसहि पडला. त्यांनीं काढलेलें एक उत्तर म्हणजे ‘एक्स्टेंडेड कॅब’ पिकअप, अर्थात् वाढीव केबिनची, उघड्या हौद्याची गाडी. आमच्या वाचकांपैकीं अनेकांचे लेक-सुना व नातवंडें आज त्या देशांत संसार थाटून आहेत. तेव्हां तेथील रस्त्यांवर नित्य दिसणाऱ्या या वाहनाची ओळख येथें करून द्यावी, असें आम्हांस वाटतें.

१९२५ सालीं फोर्ड कंपनीनें आपल्या ‘मॉडेल टी’ गाडीस कारखान्यांतच हौदा बसवून ती २८१ डॉलरांस विकावयास काढली. त्यानंतर कित्येक वर्षें पिकअप म्हणजे एक खण : पुढें एक सलग बाक, त्यावर दाटीवाटीनें तिघे, आणि मागें हौदा. अवजारें व किराणा पावसांत भिजे, आणि चौथें माणूस आलें कीं त्याचीहि रवानगी हौद्यांतच! १९५७ सालीं इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनें ‘ट्रॅव्हलेट’ ही दोन बाकांची गाडी काढून दुसरा खण बांधला. पण पुरा खण म्हटला कीं लांबीहि तितकी वाढणारच. १९७३ च्या नमुन्यांत डॉज कंपनीनें मधला मार्ग धरला. तिच्या ‘क्लब कॅब’मध्यें बाकामागें थोडी जागा व बाजूंस लहान खिडक्या होत्या, कांहीं गाड्यांत समोरासमोर तोंड करून बसावयाच्या दोन घडीच्या बैठकाहि असत. पुढच्याच वर्षीं फोर्डची ‘सुपरकॅब’ व १९७७ सालीं डॅटसनची ‘किंग कॅब’ आली.

दीडच खण कां? गाडीची लांबी कांहीं अमर्याद वाढवितां येत नाहीं. म्हणून माणसांस जागा दिली कीं ती बहुधा हौद्यांतून कापावी लागते. फोर्डच्या एफ-१५० गाडीस अलीकडे साडेपांच, साडेसहा व आठ फुटी असे हौदे मिळत आले आहेत. पैकीं साडेपांच फुटी हौदा चारदारी मोठ्या केबिनमागेंच येतो. प्लायवुडचा तक्ता तिकडे व आपल्याकडेहि ८ फूट लांब व ४ फूट रुंद असतो. तो आखूड हौद्यांतून अडीच फूट बाहेर डोकावतो, साडेसहा फुटींतून दीड फूट. सुताराला या एका फुटाचें महत्त्व सांगावयास नको.

मागें जावयाचें तर आरंभीं पुढील बैठक वांकवून आंत शिरावें लागे. पुढें मागल्या कडेस बिजागरी असलेलें उलटें दार आलें. १९९७ च्या एफ-१५० सुपरकॅबला उजव्या बाजूस असें तिसरें दार मिळालें व १९९९ त डाव्या बाजूस चौथें. दोन दारांमध्यें खांब नसल्यामुळें दोन्ही उघडलीं कीं ऐसपैस वाट होते. मात्र पुढचें दार उघडल्यावांचून मागचें उघडत नाहीं. मागें बसलेल्यास उतरावयाचें, तर त्यानें पुढच्याची मर्जी सांभाळली पाहिजे. ओटीवरच्या वडील मंडळींस ओलांडल्यावांचून माजघरांतून बाहेर पडतां न येणाऱ्या सुनेसारखी त्याची गत!

धाकट्या पातीकडे दुर्लक्ष होतें, याचा एक दाखला २०१५ सालीं मिळाला. अमेरिकेंतील विमा कंपन्यांनीं चालविलेल्या महामार्ग-सुरक्षा संस्थेनें एफ-१५० च्या दोन्ही केबिनी ताशीं ६४ किलोमीटर वेगानें अडथळ्यावर अशा आदळविल्या, कीं आघात नाकाच्या एका कडेवरच व्हावा. मोठ्या चारदारी केबिनीस उत्तम शेरा मिळाला. वाढीव केबिनीस चार पायऱ्यांतील तिसरा. कारण, चौकटीच्या पुढील भागांत घातलेले जादा आधार मोठ्या केबिनीसच दिलेले होते. २०१६ च्या नमुन्यांत ते धाकटीसहि मिळाले व तीहि उत्तम ठरली. जात्याच ती दुबळी होती असें नव्हे. तिला लोखंड कमी मिळालें होतें.

पुढें दीड खणाची चाल मागें पडूं लागली. २०२३ च्या शेव्हरोले कोलोरॅडोंत ही केबिन उरली नाहीं. २०२४ च्या टोयोटा टकोमाच्या ‘एक्स्ट्राकॅब’मध्यें मागची बैठकच काढून तेथें सामानाची जागा केली. आम्हांस हा दुसरा निर्णय प्रामाणिक वाटतो. अर्धा खण कोठीस शोभतो. त्यांत माणसें बसवावयाचीं, तर तीं कोण याचा विचार हवा.

गाडी पसंत करणारा कर्ता पुरुष नेहमीं पुढें बसतो, आणि मागच्या अरुंद बैठकीवर गुडघे आंखडून बसतात तीं मुलें आणि वडीलधारीं माणसें. तेव्हां परदेशांतील आपल्या चिरंजीवांस आम्ही एवढेंच सुचवूं : हौदा मोजण्यापूर्वीं मागें जाऊन अर्धा तास स्वतः बसावें, बाळाची बैठक तेथें नीट बसते कीं नाहीं तें पहावें, आणि अपघात-चाचणीचा शेरा वाचतांना तो आपण घेत असलेल्या केबिनीचाच आहे ना, याची खात्री करून घ्यावी.