मिस्सा संपल्यावर

नायगाव स्टेशनवर उतरून पश्चिमेला वळलं की कोळीवाडा आणि खाडी. पूर्वेला जूचंद्र, मिठागरं, मालिकांचे सेट आणि त्यांच्या आसपास गेल्या काही वर्षांत उगवलेले टॉवर. रविवारी सकाळी दोन्ही बाजूंची ख्रिस्ती माणसं मिस्सेला निघतात. पश्चिमेकडच्यांच्या कित्येक पिढ्या याच मातीत पुरलेल्या आहेत. पूर्वेकडचा माणूस मंगळूर, गोवा, केरळ नाहीतर तमिळनाडूतून आलेला, घराचे हप्ते फेडणारा. उपासना एकच, पण दोघांच्या विवंचना वेगळ्या. देवळातल्या त्या तासाभराचा बाहेरच्या आठवड्याशी काय संबंध, हा प्रश्न मात्र दोघांनाही पडतो. नायगाव ज्यात येतं त्या वसईत तो जुना आहे.

१५३४मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. सत्ता गेली तसा तिच्या छत्राखालचा धर्मही जाईल, असं कुणाला वाटलं असेल तर ते चुकलं. सामवेदी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती आपापल्या वाड्यांत राहिले. केळी, पानवेल, फुलं आणि मासळी यांवर जगत राहिले. ज्यांचा त्यांना अभिमान, ते गोन्सालो गार्सिया वसईतच जन्मले. ते धर्मगुरू नव्हते, फ्रान्सिस्कन ब्रदर होते. जपानात दुभाष्याचं काम करत. १५९७मध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं गेलं आणि १८६२मध्ये संतपद मिळालं. भारतात जन्मलेले ते पहिले संत. त्यांचा सण आजही किल्ल्यातल्या भग्न चर्चमध्ये साजरा होतो.

पण पोट संतचरित्रावर भरत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वसईचा बागायतदार सावकाराच्या वहीत अडकला होता. तेव्हा मॉन्सिन्यॉर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी १९१८मध्ये पापडीला सहकारी पतसंस्था काढली. तिचीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. ज्या माणसाकडे पापांची कबुली द्यायची, त्यानेच कर्जाचा हिशेबही समजून घ्यायचा, हा प्रकार आज गमतीचा वाटेल. त्या काळी मात्र ती फार मोठी सोय होती. चर्चच्या सेवेचं एकच उदाहरण द्यायचं झालं तर प्रस्तुत लेखकाच्या मते ते हेच. दानधर्माने एक दिवस निघाला असता. पतसंस्थेमुळे कर्जदाराला सावकाराच्या ओटीवर ताटकळायची गरज उरली नाही.

दुसरी अडचण भाषेची. फादर स्टीफन्स यांचं मराठी ओव्यांतलं क्रिस्तपुराण १६१६मध्ये छापलं गेलं, तरी मिस्सा पुढे साडेतीनशे वर्षं लॅटिनमध्येच चालली. वेदीपाशी धर्मगुरू लोकांकडे पाठ करून उभा असे आणि मागे बाया आपापली रोझरी म्हणत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३मध्ये लोकभाषेला वाट करून दिली आणि वसईच्या देवळांत मराठी आली. घरात कादोडीसारखी बोली, शाळेत मराठी आणि वेदीवरही मराठी, असं वळण पडलं. १९९८मध्ये मुंबईपासून वेगळा वसई धर्मप्रांत झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांचा प्रबंध तुकारामांच्या ईश्वरानुभवावर होता, हा काही योगायोग म्हणता येणार नाही.

तरीही ख्रिस्ती माणसाला विचारला जाणारा ‘तुम्ही आमच्यातले का?’ हा प्रश्न सुटला नाही. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आयुष्यभर मराठीत लिहिलं, ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन केलं, ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवला. पण उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आल्यावर एका पाद्र्याला हा मान का, म्हणून विरोध झाला. जानेवारी २०२०मध्ये पाठदुखीने बेजार असतानाही ते उद्घाटनाला हजर राहिले. २०२४च्या जुलैमध्ये ते गेले.

दिब्रिटोंना वसईकर ओळखतात ते पुरस्कारांपेक्षा पाण्यामुळे. १९८८मध्ये सरकारने हरित पट्ट्यातली जमीन बांधकामाला मोकळी केली. बिल्डर आले, विहिरींवर टँकर लागले, बागायती विहिरी मचूळ होऊ लागल्या. हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली ख्रिस्ती आणि हिंदू गावकरी एकत्र रस्त्यावर उतरले आणि त्यांच्या पुढे झग्यातला हा पाद्री होता. पाद्र्याने राजकारणात पडू नये, अशी टीका झालीच. विहीर आटली तर राजकारण कुठलं आणि अध्यात्म कुठलं, हे टीकाकारांनी कधी सांगितलं नाही. लढा पूर्ण जिंकला गेला नाही, हेही खरं: २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती.

आता पुन्हा नायगाव. कोळीवाड्यात पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. त्यात डहाणूजवळच्या वाढवण बंदराला २०२४मध्ये केंद्राने मंजुरी दिली, त्यामुळे पालघरच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार धास्तावलेले. टॉवरमधल्यांपुढे पाणी, लोकलची गर्दी आणि एकटेपणा. त्यांना मिस्सा इंग्रजीत, कोकणीत, तमिळमध्ये हवी असते. इंग्रजी शाळेत शिकलेल्या वसईकर पोरांनाही मराठी प्रवचन जड जातं. यावर जुनी मंडळी नाक मुरडतात, ते चूक आहे. ज्या न्यायाने लॅटिन गेलं त्याच न्यायाने इतरांनाही त्यांची भाषा मिळायला हवी. मराठी टिकवायची तर ती घरात आणि शाळेत टिकवावी लागेल, वेदीवरून सक्ती करून नव्हे.

खरी उणीव निराळीच आहे. वेगवेगळ्या भाषांच्या मिस्सांना येणारी माणसं एकमेकांना भेटतच नाहीत. सणाला मंडप, रोषणाई, बँड यांवर खर्च वाढतो आणि टॉवरमधल्या टँकरच्या बिलाबद्दल प्रवचनात अक्षर नसतं. मोनीस आणि दिब्रिटो यांची नावं घेणाऱ्या धर्मग्रामांनी यंदाच्या नाताळच्या खर्चातून थोडी रक्कम बाजूला काढावी आणि कोळीवाडा व टॉवर यांची पाणी आणि कर्ज या दोनच विषयांवर एक संयुक्त बैठक बोलवावी. जागा शोधायची गरज नाही. मिस्सा सुटली की चर्चचं आवार मोकळंच असतं.