तेच ते विमान (म्हणे)

जेआरडी टाटांनी 15 ऑक्टोबर 1982 रोजी, वयाच्या 78व्या वर्षी, कराचीहून मुंबईपर्यंत एकट्यानं विमान आणलं, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधी पन्नास वर्षं, त्याच तारखेला ते टपालाची पहिली थैली घेऊन असेच आले होते, त्या उड्डाणाची ही उजळणी. ती सांगताना लोक हमखास एक वाक्य जोडतात, 'आणि विमानसुद्धा तेच बरं का!' इथं हँगरात काम केलेला माणूस घसा खाकरतो. 1932 चं विमान होतं पस मॉथ आणि 1982 चं लेपर्ड मॉथ. दोघी डी हॅविलंडच्याच लेकी, दोघींचे पंख वरच्या बाजूला, दुरून पाहिलं तर सख्ख्या बहिणी. पण थोरलीचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, धाकटीचा प्लायवूडचा. आणि धाकटी पहिल्यांदा उडाली 1933 साली. म्हणजे जे विमान 'तेच' होतं, ते पहिल्या उड्डाणाच्या दिवशी जन्मालाच आलेलं नव्हतं.

यात कुणाची लबाडी नाही. लाकडाकापडाचं विमान पन्नास वर्षांनी उडतंय, यापुढे मांजर (पस) कोणतं आणि बिबट्या (लेपर्ड) कोणता हे कोण विचारतो? तरी एक सांगतो. सुरुवातीच्या काळात पस मॉथ हवेत असताना पंख निखळून बरेच अपघात झाले. बऱ्याच चौकशीनंतर पंखाच्या आधारदांडीला एक छोटी जोडदांडी लावली गेली आणि प्रश्न मिटला. टाटांनी टपालाला हीच जात निवडली. आज कुणी अशी निवड केली तर संचालक मंडळ आधी वकील बोलावेल.

मी नवापूरचा. (नंदुरबारचं नव्हे. हे वाक्य आम्ही जन्मल्यापासून म्हणतो.) बोईसर-तारापूरच्या पट्ट्यातलं समुद्रकाठचं गाव. हल्ली आमचं नाव निघतं ते कारखान्यांच्या सांडपाण्याच्या पाइपलाइनवरून. पण नकाशावर अहमदाबाद ते जुहू अशी पट्टी ठेवा, रेघ जवळजवळ आमच्या डोक्यावरून जाते. 1932 साली वैमानिकाकडे रेडिओ नव्हता, दिशा दाखवणारं कसलं यंत्र नव्हतं. होते ते नकाशा, होकायंत्र आणि डोळे. त्यामुळे पस मॉथ आमच्या किनाऱ्यावरून गेलं असणार असं मी लहानपणापासून सांगत आलोय. गावात ते पाहिलेले म्हातारेही पुष्कळ भेटले. त्यांतले निम्मे त्या साली पाळण्यात होते.

त्या पहिल्या उड्डाणाची मूळ तारीख खरं तर महिनाभर आधीची होती, 15 सप्टेंबर. त्या वर्षी पाऊस असा कोसळला की जुहूचं मैदान पाण्याखाली गेलं आणि इतिहास महिनाभर लांबला. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरायचं होतं. ते बर्मा शेलच्या चार-चार गॅलनच्या डब्यांतून आलं, आणि डबे आले बैलगाडीतून. टाटांची टपाल विमानसेवा बैलांच्या वेळापत्रकावर चालली होती, पण स्मरणिकांमधल्या फोटोंत बैल दिसत नाहीत. पुढेही दर पावसाळ्यात जुहू बुडालं की दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक असा सगळा बारदाना पुण्याला हलायचा. मैदान मिळालं तेही येरवड्याच्या तुरुंगाच्या सावलीत. भारतातल्या विमानवाहतुकीचा पावसाळी मुक्काम येरवड्याला होता, असं म्हटलं की पुणेकर अजून चमकून बघतात.

आता माझ्या हँगराकडे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी एका जागी हेल्परकी करत होतो. जागेचं नाव सांगत नाही, विमानाच्या मालकाचं तर नाहीच. विमान होतं टायगर मॉथ. दोन मजली पंख, दोन उघडी आसनं, लाकडी फासळ्यांवर चढवलेलं कापड. जगात ही जात आठ हजारांहून जास्त बनली, पण आमच्या वाट्याला आलेलीचा अर्धा सांगाडा उंदरांनी आणि उरलेला मालकाच्या उत्साहानं खिळखिळा केला होता. मालकाला ते पंधरा ऑगस्टला आकाशात हवं होतं. काम सुरू झालं जूनमध्ये. पावसाळ्यात कापडकाम काढणारा माणूस विमानमालक होऊ शकतो, मेकॅनिक नाही.

पंखाचं कापड नुसतं ताणून बसत नाही. ते मेण लावलेल्या दोऱ्यानं प्रत्येक फासळीला आरपार शिवावं लागतं. दोन टाक्यांमधलं अंतर ठरलेलं. पंख्याचा (प्रोपेलरचा) झोत जिथं लागतो तिथं टाके आणखी जवळ. प्रत्येक टाक्याला एक ठरावीक गाठ, आणि ती सुटली तर सगळी ओळ उसवते. इंग्रजी मॅन्युअलात त्या गाठीचं नाव 'सीन नॉट'. आमचे हेडमिस्त्री तीन दिवस आकृती उलटसुलट धरून बसले. त्यांचा समज होता की हा सिनेमातला सीन आहे आणि गाठ फक्त दाखवायपुरती आहे. मी डोकावून पाहिलं आणि हसू आवरेना. आमच्या घरी जाळी सांधायचं काम. तीच गाठ, एक वेढा जास्त. सीन म्हणजे मासे ओढायचं जाळं, खाली मालवणाकडे ज्याला रापण म्हणतात ते. त्या दिवसापासून पंख शिवायला मी, आणि हेडमिस्त्री दोरा धरायला. महिन्यानं तपासणीला आलेले साहेब ओळीवर बोट फिरवून म्हणाले, "सुरेख. कुठं ट्रेनिंग घेतलंत?" हेडमिस्त्री पुढे होऊन म्हणाले, "आमच्याच हाताखाली."

कापडावर मग डोप मारायचा. लॅकरचाच भाऊ. सुकला की कापड आक्रसतं आणि पंख ढोलकीसारखा वाजतो. वास असा की दुपारपर्यंत डोकं हलकं होतं आणि संध्याकाळी घरी सांगितलं तरी कुणी विश्वास ठेवत नाही की पोरगं पिऊन आलेलं नाही. डोपला ओलावा चालत नाही. हवा दमट असली की सुकता सुकता पांढुरका पडतो, आणि तसा पडला की त्यात ताकद राहत नाही, खरवडून पुन्हा मारावा लागतो. जुलैत आमचा डावा पंख ताक सांडल्यासारखा झाला. एका उत्साही पोरानं हवा कोरडी करायला कोळशाची शेगडी पेटवून आत आणली. डोपच्या उघड्या डब्यापासून चार हातांवर. हेडमिस्त्रींनी शेगडी पोरासकट उचलून बाहेर पावसात ठेवली, आत आले, डोपला आग कशी भप्पकन लागते यावर अर्धा तास बोलले. आणि मग कानावरची विडी काढून सवयीनं काडेपेटी चाचपू लागले. ती शेगडीवाल्या पोराजवळ होती, म्हणून हा लेख लिहायला मी आहे.

दमटपणा मोजायचं यंत्र हँगरात होतं. दोन थर्मामीटर, एकाच्या तळाशी ओली वात. दोघांतला फरक जितका कमी, तितकी हवा दमट. आमचं यंत्र रोज दोन्हीकडे एकच आकडा दाखवायचं, आणि मालकाला रोज सांगितलं जायचं की आज काम नाही. हेडमिस्त्रींचा भरवसा यंत्रावर नव्हताच. त्यांनी वाटीत खडेमीठ ठेवलं होतं. मिठाला पाणी सुटलं नाही तर ब्रश उचलायचा. ऑगस्टच्या उघडिपीत मीठ कोरडं राहिलं, यंत्र मात्र हटेना. तेव्हा कुणीतरी वातीची बाटली उघडून पाहिली. पाणी कधीच आटलं होतं, वात खडखडीत. त्या यंत्राच्या लेखी आमच्या हँगरात बारमाही पावसाळा होता. पंधरा ऑगस्ट त्या वर्षी जमिनीवरच साजरा झाला.

इंजिन जिप्सी मेजर, 130 अश्वशक्तीचं, सिलिंडर खाली डोकं वर पाय असे. विमान उभं राहिलं की तेल झिरपत सिलिंडरात उतरतं. तसंच चालू केलं तर आतला दांडा वाकायचा, म्हणून आधी पंखा हातानं सावकाश फिरवून तेल काढावं लागतं. स्टार्टर नाही, ब्रेक नाही. एकजण पंख्याला हात घालतो, आतला 'कॉन्टॅक्ट' म्हणतो, चाकांपुढे लाकडी ठोकळे. पहिल्या दिवशी आतल्या माणसानं थ्रॉटल जास्त उघडा ठेवला होता. इंजिन धरलं ते गर्जतच. एक ठोकळा उडाला, विमान दुसऱ्या चाकाभोवती गरकन फिरलं, आणि आम्ही तिघे शेपटीला लोंबकळत गवतातून अर्धं वर्तुळ घासत गेलो. लॉगबुकात त्या दिवसाची नोंद आहे, 'इंजिन चाचणी समाधानकारक'.

हे झालं आमचं किरकोळ. मोठ्या घरची गोष्टही वेगळी नाही. वायुदलाचा 'परशुराम' डकोटा 2018 च्या मे महिन्यात हिंडन तळावर समारंभानं दाखल झाला. शेपटीवर आकडा व्हीपी 905, म्हणजे 27 ऑक्टोबर 1947 ला शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान श्रीनगरला उतरवणाऱ्या डकोटाचा. राजीव चंद्रशेखर यांनी ते विमान विकत घेतलं, इंग्लंडात कॉव्हेन्ट्रीला स्वखर्चानं उडतं केलं आणि वायुदलाला भेट दिलं. त्यांचे वडील वायुदलात डकोटाच चालवायचे. गंमत अशी की 2011 साली ते देऊ केलं तेव्हा सरकारनं नको म्हटलं. फुकट आलेली चीज घेण्यात सरकारला फार अडचणी असतात. पुढे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री झाले आणि भेट स्वीकारली गेली. गोव्याचा माणूस आलेलं नारळपान परत पाठवत नाही. पण पडद्यामागची गोष्ट पुढेच आहे. हा डकोटा मूळचा व्हीपी 905 नव्हे. 1944 चं, ब्रिटनमधून आलेलं दुसरंच विमान, तो आकडा आदरानं रंगवलेला. आणि आधीच्या जन्मी त्याच्या वाट्याला कोणती वीरश्री आली होती? समुद्रावरचे तेलतवंग मोडायला औषध फवारण्याची.

विमानात खरं जड काय असतं, तर कागद. इथं आमच्या पालघरचा संबंध येतो. अमोल यादव या वैमानिकानं मुंबईत चारकोपला घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 साली 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनासाठी ते क्रेननं खाली उतरवलं, हे सगळ्यांनी पाहिलं. गच्चीवरून उतरायला क्रेन पुरली, नोंदणीच्या रजिस्टरात चढायला मात्र वर्षानुवर्षं गेली. नोव्हेंबर 2017 मध्ये नोंदणी झाली तेव्हा अक्षरं घेतली व्हीटी-एनएमडी. त्यातला 'एनएम' कोण आणि 'डी' कोण, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पुढच्याच फेब्रुवारीत सरकारनं विमान कारखान्यासाठी पालघर जिल्ह्यात 157 एकरांचा करार केला. आमच्याकडे चहाच्या टपऱ्यांवर धावपट्टीच्या दिशा ठरल्या, जमिनीचे भाव हवेत गेले. विमान हवेत गेलं ते 2020 साली, धुळ्याला.

पुढच्या वर्षी जेआरडींच्या त्या उड्डाणाची पुन्हा उजळणी झाली. 15 ऑक्टोबर 2021 ला आरोही पंडित या मुंबईच्या वैमानिक मुलीनं, कराचीला जाता येत नाही म्हणून भूजहून निघून, अहमदाबादमार्गे जुहू गाठलं. विमान छोटं, हलकं, नव्या जमान्यातलं. तरीही दुसऱ्या दिवशी गावात एकानं मला गंभीरपणे विचारलं, "तेच विमान ना?" मी हो म्हटलं.

आमचं टायगर मॉथ शेवटी नोव्हेंबरात उडालं. दोन चकरा मारून उतरलं, मालक रडला, हेडमिस्त्रींनी पेढे वाटले. ते 'तेच' विमान होतं का? इंजिन दुसऱ्या विमानाचं, खालचे पंख तिसऱ्याचे, कापड नवं, दोरा नवा. जुनी म्हणाल तर नंबरप्लेट, लॉगबुक आणि उजव्या वरच्या पंखातल्या सात फासळ्या. जूनमध्ये त्या पंखाचं कुजकं कापड फाडलं तेव्हा चौथ्या फासळीवर शिसपेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं होतं. इंग्रजीत दोन सह्या, पुसट. आणि त्याखाली मोडी वळणाच्या मराठीत, 'चहाचे बारा आणे येणे.'

हेडमिस्त्रींनी तिथं रंग लावू दिला नाही. नवं कापड चढवायच्या दिवशी त्यांनी पेन्सिल मागवली, आम्हा चौघांची नावं लिहवून घेतली, जरा विचार केला आणि टपरीवाल्याला हाक मारली. आमचे साडेसतरा रुपये थकले होते. तेही फासळीवर मांडले, मग मला म्हणाले, "नवापूर, शिव आता. गाठ घट्ट मार, त्याला वाचता येतं."